फिरकीचा तांब्या

१४ फेब्रुवारी १९९३

माननीय व्याही महादेवराव वाळवेकर, मुक्काम भिलवडी, यांस नमस्कार.

मी पुंडलिक गोविंद हेर्लेकर, वाणिज्य शाखेचा पदवीधर, हुबळीच्या बाजारातील एका कापूस अडत पेढीचा मुख्य हिशेबनीस आणि आपल्या कन्येचा, चि. सौ. शालिनीचा, सासरा. हे सर्व आपल्याला ठाऊक आहे. तरीही लिहितो, कारण गेल्या वैशाखापासून आपल्या दोघांत एकही पत्र गेले-आलेले नाही, आणि इतक्या खंडानंतर माणसाने आपण कोण व कशासाठी लिहितो ते प्रथम सांगावे, असे मला वाटते.

प्रयोजन असे. शालिनीला गेल्या आठवड्यात कांजिण्या आल्या. ताप आता उतरला आहे, फोड सुकण्याच्या मार्गाला लागले आहेत आणि काळजीचे कारण नाही, असे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले आहे. काळजी नाही हे आधी लिहिले, म्हणजे पुढचे आपण शांतपणे वाचाल.

माझी पत्नी वत्सला निवर्तल्यापासून आमचे स्वयंपाकघर संपूर्णपणे शालिनीच्या हाती होते. चि. प्रभंजन इकडच्या बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जातो. तो सकाळी निघतो आणि परत येतो तेव्हा दिवे लागलेले असतात. म्हणून मी पेढीतून रजा घेऊन चूल हाती घेतली. घरात गॅस आहे, पण माझ्या बाबतीत चूल हाच शब्द बरोबर आहे, कारण धूर होतोच. त्यातून शेजारच्या इंदुमतीअक्कांचा एक हुकूम सुटला आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी कडुलिंबाचा डहाळा आमच्या दाराला अडकवला आणि बजावले, ‘अम्मा बंदाळ्री. वग्गरणी हाकबारदु.’ अम्मा म्हणजे देवी घरी आली आहे, फोडणी घालायची नाही. तळण नाही, मोहरी-हिंगाचा वास नाही. हा विषाणूचा रोग आहे, असे मी त्यांना समजावून पाहिले. त्या म्हणाल्या, असेल. मग त्या विषाणूला तरी फोडणीचा वास कशाला? सध्या आम्ही बिनफोडणीचे वरण, उकडलेला दुधी आणि ताकभात यांवर आहोत.

शालिनीच्या खोलीची खिडकी परसात उघडते आणि स्वयंपाकघराचे दारही परसातच आहे. त्यामुळे ती अंथरुणावरून सूचना देते आणि मी त्या अमलात आणतो.

‘मामा, मीठ चवीपुरतं घाला.’

चवीपुरते म्हणजे किती, असे मी विचारले.

‘चवीपुरतं म्हणजे चवीपुरतं.’

‘हे माप नव्हे, शालिनी.’

‘पेढीत नसेल. इथे तेच चालतं.’

त्या दिवशीचे वरण मुनीमनेही सोडून दिले. मुनीम हा आमचा कुत्रा. त्याचे हे नाव शालिनीनेच ठेवले आहे; दिवसभर फाटकापाशी बसून कोण आले, कोण गेले यावर नजर ठेवतो आणि कामाचा मात्र कसलाच नाही, म्हणून. नाव ठेवताना ती माझ्याकडे पाहत होती, याची मी नोंद घेतली होती. त्याला सध्या तिच्या खोलीत जायची मनाई आहे. तो तिची एक चप्पल पुढ्यात घेऊन उंबरठ्याबाहेर पडून असतो आणि मी जवळून गेलो की दुसरीकडे बघतो.

आता जे लिहायचे आहे ते लिहितो.

मुलांच्या लग्नाला सात वर्षे झाली. या सात वर्षांत आपण जेव्हा जेव्हा आलात तेव्हा पाण्याने भरलेला पितळी फिरकीचा तांब्या भिलवडीहून सोबत घेऊन आलात, आणि संध्याकाळच्या बसने उपाशी परत गेलात. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे अन्नपाणी घ्यायचे नाही ही रीत मला परकी नाही. माझ्या सासऱ्यांनीही ती पाळली. पण प्रभंजनचा जन्म आमच्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी झाला, त्यामुळे ती रीत किती लांबू शकते हे आमच्या घराला कधी कळले नाही.

गेल्या वैशाखात आपली बस वाटेत बंद पडली. आपण पोचलात तेव्हा भर दुपार होती आणि तांब्या रिकामा होता. आपण कोणाला काही न बोलता कुंपणाचे दार उघडून इंदुमतीअक्कांकडे गेलात आणि त्यांच्या ओट्यावर पाणी प्यालात. आपल्या मनात आमचा अवमान नव्हता, हे मी जाणतो. रीतही मोडू नये आणि तहानही भागावी, एवढाच आपला हेतू. परंतु दोन्ही घरांना पाणी एकाच टाकीचे येते. अक्कांनी तोंडाला पदर लावून विचारले की शेजारी लेकीचे घर असताना इकडे का, आणि आपण त्यांना कारण सांगितलेत. संध्याकाळपर्यंत ते कारण गल्लीच्या टोकाला पोचले होते.

त्यानंतर शालिनी जे बोलली ते आपण ऐकले आहे. मी केवळ नोंद राहावी म्हणून लिहितो. मुनीम त्याच्या कुंडीतले पाणी पीत होता. तिने त्याच्याकडे बोट केले. ‘अप्पा, त्याला ह्या घरचं पाणी चालतं. तुम्हाला चालत नाही. चालेल तेव्हा या.’

आपण पिशवी उचललीत आणि निघालात. कट्ट्यावर एक कागदाची पुडी राहिली. तीत आपल्या परसातल्या वांग्यांचे बी होते.

ती पुडी तिने फेकली नाही. श्रावणात तिने मागच्या वाफ्यात ते बी टाकले. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, वाफा रिकामा होता. आज त्या झाडांना वांगी धरली आहेत आणि ती तापातसुद्धा मला खिडकीतून विचारते की मुळांशी ओल आहे का.

तापात ती आणखी कोणाला तरी हाक मारत होती. कोणाला, ते आपण ओळखाल.

तेव्हा माझी विनंती अशी, की आपण यावे आणि या घरी पाणी घ्यावे. हे पत्र मी तिला न सांगता लिहीत आहे.

आपला,
पुं. गो. हेर्लेकर

२४ फेब्रुवारी १९९३

माननीय महादेवराव यांस नमस्कार.

आपले कार्ड मिळाले. सोबतच्या लिफाफ्यातला औदुंबरचा अंगाराही मिळाला. तो मी शालिनीच्या कपाळाला लावला. विषाणूविषयीचे माझे मत मी सध्या कोणाला सांगत नाही.

माझे गुपित मात्र राहिले नाही. पोस्टमनने परसात येऊन कार्ड खिडकीतून थेट तिच्याच हाती दिले. मी वरणाची डाळ घोटत होतो आणि दारातून मला ती दिसत होती. तिने ते दोन्ही बाजूंनी वाचले, पत्त्याची बाजूसुद्धा. मी आता जाब विचारला जाईल या तयारीत होतो. ती एवढेच म्हणाली, ‘अप्पांचं अक्षर बारीक झालंय.’ नंतर कार्ड शोधायला गेलो तर ते उशीखाली होते. म्हणून हे उत्तर आठवणीवरून देत आहे. काही सुटल्यास क्षमा असावी.

आपण लिहिता की येण्याची आपली तयारी आहे, पण पाण्याचा आग्रह मी धरू नये. रीत वडिलांची आहे आणि तीत कोणाचा अपमान नाही. या विधानाचा मी विचार केला. ज्या कामात माझे आयुष्य गेले त्यात नियम मोडायला सांगणाऱ्या माणसाला कोणी उभे करत नाही, म्हणून नियम मोडा असे मी म्हणत नाही. तो नेमका काय आहे, ते आपण दोघांनी मिळून पाहावे एवढेच म्हणतो.

लेकीच्या घरचे घ्यायचे नाही, असा नियम आहे. हे घर माझ्या नावावर आहे. नळाची जोडणी माझ्या नावावर आहे. सध्या पाणी मी भरतो आणि अन्न मी शिजवतो, त्याला अन्न म्हणायचे असेल तर. म्हणजे येथे आपण जे घ्याल ते लेकीचे नसून व्याह्याचे असेल, आणि व्याह्याने व्याह्याकडे पाणी पिऊ नये असे मी कुठे ऐकलेले नाही. शिवाय परसातली वांगी आपल्या बियांची आहेत. विस्तवावर भाजून दह्यात कालवलेल्या भरताला फोडणीची गरज नसते, ही माझी अलीकडची प्रगती आहे. ते भरीत आपण खाल्लेत तर आपण आपलेच खाल्ले असे होईल.

हा युक्तिवाद मी शालिनीला वाचून दाखवला, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिने पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाली की मामा, अप्पा तुमचं ऐकतील आणि तुमच्या नळाचं पाणी पितील, आणि मी तिथेच उभी असेन. त्यात माझं काय?

मला हे सुचले नव्हते. तरीही मजकूर खोडत नाही. आपल्याला पटला तर निदान सुरुवात होईल.

बाकी घरचे ठीक. खपल्या धरू लागल्या आहेत. तोंडावर व्रण राहतील का, असे तिने डॉक्टरांना विचारले; एकदोन राहतील, असे ते म्हणाले. प्रभंजन तिला म्हणाला की एकदोन डाग मी हिशेबात धरणार नाही. मुलगा माझा आहे हे अशा वेळी पटते. मुनीमने चपलेचा पट्टा पूर्ण खाल्ला आणि दुसरी आणून ठेवली.

काल मी भरीत केले. मीठ जास्त झाले. वांगी मात्र उत्तम होती, हे आपल्याला कळावे.

आपला,
पुं. गो. हेर्लेकर

७ मार्च १९९३

महादेवराव यांस नमस्कार.

हे पत्र दुहेरी पाकिटात घालून पाठवत आहे. कृपा करून एकट्याने वाचावे.

आधी आजाराचे. शालिनी उठली, हिंडूफिरू लागली, आणि त्याच आठवड्यात प्रभंजनच्या अंगावर फोड आले. लहानपणी त्याला कांजिण्या येऊन गेल्या होत्या असे मी सगळ्यांना खात्रीने सांगत होतो. ती माझी चूक निघाली, त्याला तेव्हा गोवर आला होता. इंदुमतीअक्का दाराचा वाळलेला डहाळा बदलून गेल्या आणि म्हणाल्या, अम्माला हे घर आवडलेलं दिसतंय. म्हणजे फोडणीची बंदी पुढे चालू आहे. आता अंथरुणात तो असतो, आणि शालिनी स्वयंपाकघरात परतली असली तरी भरताचे काम तिने मजकडेच ठेवले आहे.

आता आपल्या दुसऱ्या पत्राविषयी.

माझा सगळा युक्तिवाद आपण एका वाक्यात बाजूला सारलात. ते वाक्य मी पुनःपुन्हा वाचले. आपण लिहिता, ‘पुंडलिकराव, रीत राहू द्या. ज्या दिवशी मी तिथे पाणी पिईन त्या दिवशी शालूला मूल होणार नाही हे मी मान्य केले असे होईल. मी तहानलेला राहतो तोवर देवाकडे माझे मागणे उभे आहे. ते मी माझ्याच घशाने कसे मिटवू?’

सात वर्षे आम्ही समजत होतो की आपण तिला तिच्या रिकाम्या ओटीची आठवण करून देता. आपण तर तिच्यासाठी उपास करत होता. एकाच तांब्याचे हे दोन अर्थ, आणि मध्ये कोणी कोणाला विचारले नाही.

ते वाक्य मी शालिनीला वाचून दाखवले. ती भाकरीचे पीठ मळत होती. तिचे हात थांबले. मग हात न धुताच परसात गेली आणि भर उन्हात वांग्यांना पाणी घालू लागली, जे आपण कधीच करू नये असे ती मला बजावत असते. मी दारात उभा राहिलो. माझ्याकडे पाठ ठेवूनच ती म्हणाली, ‘मला वाटायचं, अप्पांना माझी लाज वाटते.’

महादेवराव, यापुढचे लिहिणे मला सोपे नाही. मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला हे कागदावर लिहून द्यावे, असे आपल्याकडे होत नाही. पण आपण जे मागणे उभे ठेवले आहे त्याची वस्तुस्थिती आपल्यापासून लपवणे हे मला यापुढे जमणार नाही.

शालिनीत काही उणे नाही. उणे प्रभंजनकडे आहे. तीन वर्षांपूर्वी दोघांच्या तपासण्या झाल्या. मग दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांकडेही झाल्या. निष्कर्ष तोच आला आणि त्यावर उपाय नाही, असे सांगण्यात आले. त्या दिवशी घरी आल्यावर शालिनीने आम्हा दोघांना सांगितले की ही गोष्ट बाहेर जायची नाही, भिलवडीलासुद्धा नाही. त्यानंतर हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नाकार्यात लोक जे तिला विचारत आले, ज्या नजरेने बघत आले, ते तिने चालू दिले. आपण आलात आणि पाणी न पिता गेलात तेही तिने चालू दिले. फक्त गेल्या वैशाखात तिला ते जमले नाही. ती आपल्याला जे बोलली ते मला त्या दिवशी कठोर वाटले होते. आज वाटत नाही.

हे लिहिण्यापूर्वी मी दोघांची परवानगी घेतली. शालिनी नको म्हणाली. अप्पांना ह्यांच्याविषयी कमी वाटेल, असे तिचे म्हणणे होते. तेव्हा अंथरुणावरून प्रभंजन म्हणाला, ‘लिहा, अण्णा. आपण त्या माणसाला उगाच तहानलेलं ठेवलं.’

तेव्हा आता आपल्याला सर्व माहीत आहे. आपण ज्याची वाट पाहता तो या वाटेने येणार नाही. आपल्याला वाईट वाटेल. आम्हालाही वाटले होते. पण एक गोष्ट मी रोज डोळ्यांनी पाहतो, ती लिहितो. ज्या दोघांनी ती आशा सोडली आहे ते या घरात सुखाने राहतात. भांडतात, कारखान्याच्या गोष्टी करतात, कुत्र्याला नको तितके लाडावतात. सकाळी ती झाडांना पाणी घालते आणि तो चहा हातात घेऊन तिच्यामागून फिरतो, आणि मुनीम दोघांच्या पायांत येतो. या घरात काही कमी आहे असे बाहेरून येणाऱ्याला दिसत नाही. एखादा येतो आणि तहानलेला परत जातो तेव्हाच ते दिसते.

आता मी आग्रह धरत नाही. पुढचे आपण ठरवावे.

आपला,
पुंडलिक हेर्लेकर

२१ मार्च १९९३

प्रिय महादेवराव,

नमस्कार. आपण सुखरूप पोचल्याचे कार्ड काल मिळाले. बसमध्ये बसायला जागा मिळाली हे वाचून बरे वाटले.

गेल्या रविवारी जे घडले ते आपल्याला ठाऊकच आहे, कारण ते आपल्याकडूनच घडले. तरीही लिहितो. स्वयंपाकघराच्या दारातून ते कसे दिसले, ते आपल्याला ठाऊक नाही.

आपण येणार असे कळवले नव्हते. मुनीम न भुंकता उठून उभा राहिला, म्हणून मी फाटकाकडे पाहिले. ओळखीच्या माणसाला तो नुसता उठून उभा राहतो. आपण त्याच्या डोक्यावर हात ठेवलात आणि घराला वळसा घालून परसात आलात. शालिनी वाफ्यापाशी बसून खालची पिवळी पाने खुडत होती. तिने मान वर केली. आपल्याला तिच्या चेहऱ्यावरचे डाग दिसले असतील. आपण धुण्याच्या दगडावर बसलात.

आलेल्याला आधी गूळपाणी द्यायचे, हे या मुलीला कोणी शिकवावे लागत नाही. गल्लीत कोणाकडे वाळवणाला आलेल्या बायकांनासुद्धा ती बोलावून पाणी देते. पण आपल्याला तिने सात वर्षांत विचारायचेच सोडून दिले होते. ती तशीच बसून राहिली. हातात पाने होती. मी गॅसवर वांगे भाजत होतो आणि पुढे व्हावे की नाही हे मला समजत नव्हते. मी गेलो असतो तर पाणी मीच दिले असते, आणि ‘त्यात माझं काय’ हे तिचे वाक्य मला पाठ होते. म्हणून मी जागचा हललो नाही. आयुष्यात फार थोड्या वेळा मला काहीही न करणे इतके जड गेले असेल.

मग आपण पिशवीतून तांब्या काढलात. तो पाहून ती उठली आणि घराकडे वळली. तिला वाटले, आपण पुन्हा तेच करणार. खरे सांगतो, मलाही तेच वाटले.

आपण फिरकी उघडलीत. तांब्या काठोकाठ भरलेला होता, कारण झाकण निघताच पाणी आपल्या धोतरावर सांडले. कृष्णेचे पाणी, इतक्या लांबून सांभाळून आणलेले. आपण वाकून ते सगळे वांग्याच्या मुळांशी ओतलेत. शेवटचा थेंब पडेपर्यंत तांब्या उपडा धरलात. मग तो रिकामा तिच्यापुढे केलात.

‘शालू, पाणी दे.’

ती आत आली. माझ्या शेजारून गेली, पण मी तिथे आहे हे तिला दिसले असेल असे मला वाटत नाही. तिने तांब्या विसळला, भरला, ओतून टाकला, पुन्हा विसळला, पुन्हा भरला. डब्यातून गुळाचा खडा काढला आणि वाटी न घेताच तळहातावर ठेवून बाहेर गेली. आपण ते पाणी उभ्याने प्यालात आणि मध्ये आपल्याला ठसका लागला. तिने आपल्या पाठीवर हात फिरवला. दुसऱ्या वेळी मात्र आपण बसून प्यालात.

प्रभंजन खोलीतून खिडकीच्या गजांना धरून हे पाहत होता. तो आपल्या समोर यायला कचरत होता. मागाहून आपण खिडकीपाशी गेलात आणि त्याला म्हणालात की जावईबापू, तोंड खाजवू नका, डाग राहतात. आमच्या पोरीचं बघा. एवढेच. आपण गेल्यावर तो बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी विचारले नाही. संध्याकाळी उठून त्याने स्वतः चहा मागितला आणि आपली बस कुठवर पोचली असेल याचा अंदाज करत बसला.

वांगे या सगळ्यात एका बाजूने करपले. तरीही मी त्याचे भरीत केले आणि आपण ते भाकरीबरोबर खाल्लेत. आम्ही तिघेही आपल्या तोंडाकडे पाहत होतो. आपण घास गिळलात, थोडा विचार केलात आणि म्हणालात, ‘पुंडलिकराव, मीठ विसरलात.’ शालिनी इतकी हसली की कुंपणापलीकडून इंदुमतीअक्कांनी काय झाले म्हणून विचारले. तिने मोठ्याने सांगितले, अप्पा जेवायला बसलेत. अक्का तोंडातल्या तोंडात काही पुटपुटल्या आणि थोड्या वेळाने वाटीभर लोणचे देऊन गेल्या. त्या लोणच्याला फोडणी होती. अम्माच्या मुक्कामाविषयी त्यांनी त्या दिवशी काही काढले नाही.

एक गोष्ट मला आपल्याशी बोलता आली नाही. बसस्टँडवर आपण मला म्हणालात की मागणे मिटवताना वाटले होते तितके जड गेले नाही, पण हात रिकामा झाल्यासारखा वाटतो. मी तेव्हा नुसती मान हलवली. घरी येताना वाटेत उत्तर सुचले. वांग्यांचा हंगाम आता संपत आला. शालिनी बी धरून ठेवणार आहे. पुढच्या श्रावणात वाफा तयार करायला कोणी जाणता माणूस लागेल. मला त्यातले काही कळत नाही, हे ती आपल्याला पुराव्यासह सांगेल.

परवा शुक्रवारी दोघांनाही कडुलिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातले, अक्कांनी दाराचा डहाळा काढून नेला आणि घरात पुन्हा फोडणी पडली. मोहरी तडतडली तेव्हा मुनीम फाटक सोडून आत धावत आला. चप्पल त्याने तिथेच टाकली. कडुलिंब या वर्षापुरता आम्ही भरपूर पाहिला आहे. पाडव्याला तो पुन्हा चाखायचा आहे, तर गूळ थोडा जास्त घ्यावा असा माझा विचार आहे.

आपला तांब्या येथेच राहिला. पुसून, कागदात गुंडाळून, पत्ता घालून मी तो पोस्टात द्यायला निघालो होतो. शालिनीने तो माझ्या हातातून घेतला, कागद सोडवला आणि चिंचेने घासून मांडणीवर आमच्या तांब्यांच्या शेजारी ठेवला. वस्तू ज्याची त्याला परत जायला हवी, असे मी तिला म्हणालो.

ती म्हणाली, ‘कशाला, मामा? पुन्हा भरून आणतील.’

म्हणून तो पाठवत नाही.

आपला,
पुंडलिक गोविंद हेर्लेकर
देशपांडे नगर, हुबळी
२१ मार्च १९९३